अरबाची पंगत

लग्नाच्या व्हिडिओ चित्रीकरणात ‘अरबाची पंगत’ नावाची एक रीत लातूर-नांदेडकडे बरीच वर्षे चालत आली. कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, जेवायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत धरायचा. पंगतीच्या एका टोकापासून निघायचे आणि कुणालाही न गाळता, कुणापाशीही जास्त न थांबता दुसऱ्या टोकाला पोचायचे. नवरीचा मामा असो की ट्रॅक्टरवरून आलेला परगावचा पाहुणा, पडद्यावर दोघांना सारखाच वेळ. ही रीत पाळणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो अरब कोण, हे सांगता येत नाही. एकाने तो दुबईहून आला होता असे सांगितले. दुसऱ्याने तर तो मिसर देशात सिनेमे काढलेला मोठा दिग्दर्शक असल्याचे ठामपणे सांगितले. दोन्ही माहिती चुकीची आहे. अवद बिन सालेह चाऊस नांदेडला जन्मले, नांदेडलाच वारले, आणि अरबस्तान त्यांनी कधी पाहिला नाही.

निजामाच्या फौजेत अरब शिपायांची पथके असत आणि सरकारी खजिन्यांच्या दारांवर बहुधा त्यांचाच पहारा असे. त्यांच्या वंशजांना मराठवाड्यात चाऊस म्हणतात. अवद यांचे आजोबा येमेनमधल्या हद्रमौतहून आले, असे घरात सांगत. त्याला कागदाचा आधार मला मिळालेला नाही. वडील सालेह हे तालुक्याच्या खजिन्यावर पहारेकरी होते, याला मात्र आधार आहे. संस्थान विलीन झाल्यावर ती नोकरी गेली आणि ते एका फिरत्या टॉकीजच्या तंबूवर दारवान झाले. कमरेचा जांबिया, म्हणजे वाकडा अरबी खंजीर, घरी खुंटीला लागला आणि हातात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे आले. अवद लहानाचे मोठे झाले ते त्या तंबूत. अरबी त्यांना नमाजापुरतीच येई. घरात दखनी आणि बाहेर मराठी, अशा दोन भाषांत त्यांचे आयुष्य गेले. तरी लोकांच्या तोंडी ते शेवटपर्यंत ‘अरब’च राहिले.

त्यांच्या कामाविषयीची सर्वांत भरवशाची माहिती निलंग्याच्या चन्नबसप्पांकडून मिळते. चन्नबसप्पा शिक्षण सोडून अवद यांच्या हाताखाली आले, त्यांना ‘उस्ताद’ म्हणत, आणि आजही निलंग्यात त्यांचा स्टुडिओ आहे. त्यांच्या सांगण्यानुसार पंगतीचे वेड उस्तादांना एका जत्रेत लागले. चाऊसांच्या घरी दावत असली की मोठ्या गोल ताटाभोवती चार-पाच माणसे दाटीने बसतात आणि त्याच ताटातून जेवतात. जत्रेतल्या भंडाऱ्यात अवद यांनी पहिल्यांदाच माणसे ओळीत बसलेली पाहिली. प्रत्येकाची पत्रावळ वेगळी आणि प्रत्येकाच्या समोरची जागा मोकळी. ते म्हणत, की ही मोकळी जागा कॅमेऱ्यासाठीच सोडलेली असते. गोल ताटाला अशी जागा नसते. तिथे चित्र घ्यायचे तर कुणाला तरी जेवणावरून उठवावे लागेल.

तरुणपणी ते हैदराबादला गेले. तिथल्या एका स्टुडिओत काही वर्षे दिवे धरले, पुढे कॅमेरा धरला, आणि स्वतःचा चित्रपट काढण्याची इच्छा मनात घेऊन परत आले. चित्रपट निघाला नाही. मेहुण्याने जेद्दाहहून व्हिडिओ कॅमेरा आणला, तो घेऊन त्यांनी १९८६ च्या सुमारास लातुरात गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ एका दुकानाच्या माडीवर ‘चाऊस व्हिडिओ’ सुरू केले. पाटीवर नावापुढे ‘डायरेक्टर’ असे लिहिले. त्यावरून थट्टा होई. लग्न तर भटजी चालवतो, मग तुम्ही कशाचे डायरेक्टर, असे एका वरबापाने विचारले होते. अवद यांनी त्याला शांतपणे सांगितले, की भटजी दोघांचे लग्न लावतो, उरलेल्या गावाचे मी पाहतो.

हे उरलेले गाव गिऱ्हाइकांना नको असे. त्यांना नवरा-नवरी, मानपान आणि पुढारी हवे असत. जेवणारी तोंडे कशाला दाखवता, अशी तक्रार ठरलेली. म्हणून गिऱ्हाइकाला दिलेल्या कॅसेटमधून पंगत बहुतेक कापलेली असे. पूर्ण पंगत राही ती फक्त मूळ कॅसेटमध्ये, म्हणजे लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्यात घातलेल्या कॅसेटमध्ये. इतर व्हिडिओवाले मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरत. अवद मात्र त्या पत्र्याच्या पेट्यांत जपून ठेवत. या सगळ्या पंगतींचा मिळून एक चित्रपट करायचा, त्यात दुसरे काही नाही, फक्त जेवणारी माणसे, असे त्यांनी चन्नबसप्पांना सांगितले होते. हा चित्रपट कोण पाहील, असे चन्नबसप्पांनी विचारले. जे त्यात आहेत ते पाहतील, तेवढे पुरे, असे उत्तर मिळाले.

१९९३ च्या उन्हाळ्यात निलंगा तालुक्यातल्या कारळखेड गावी लिंबाजी यांच्या मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण अवद यांनी केले. पंगती नेहमीच्या क्रमाने उठल्या: आधी गावकरी आणि पाहुणे पुरुष, नंतर बायका, आणि सर्वांत शेवटी वाढपी. त्या गावात वाढप्यांचा म्होरक्या श्रीमंत नावाचा शेतकरी होता. लग्न कुणाचेही असो, भंडारा कोणत्याही देवळाचा असो, डाळीची बादली श्रीमंतकडे. तो पंगतीत बसलेला गावात कुणी पाहिला नव्हता.

शूटिंगवाल्याने कधी आणि कुठे जेवायचे, हा प्रश्न गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने सुटे. अवद यांना बहुधा बाजूला, झाडाखाली किंवा ओसरीच्या टोकाला ताट दिले जाई. ते का, हे कुणी बोलत नसे आणि अवद विचारत नसत. कारळखेडात श्रीमंतने त्यांना हाक मारली. बायकांची पंगत उठली होती, उरलेले अन्न एका मोठ्या परातीत काढून वाढपी तिच्याभोवती गोल बसले होते.

“डायरेक्टर, पत्रावळ्यांचं शूटिंग झालं न्हवं? आता पोटाचं करा. बसा हितंच.”

अवद यांनी कॅमेरा बंद करून खळ्याच्या कठड्यावर ठेवला आणि ते परातीला बसले. चन्नबसप्पाही शेजारी बसले. पुढच्या सगळ्या गोष्टींना कारण झालेली ही गोष्ट एवढीच आहे: ज्या एका पंगतीचे चित्र अवद यांनी घेतले नाही, ती त्यांना घरच्यासारखी वाटली म्हणून घेतले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये प्रा. वसंतराव माडीवर आले. लातुरात त्या काळी शिकवण्यांचे पेव फुटत होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून बारावीची मुले येऊन खोल्या घेऊन राहत. वसंतरावांच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाला पत्र्याचा हॉल पुरेनासा झाला, तेव्हा त्यांनी शेजारी दुसरा हॉल घेतला आणि तिथल्या मुलांना आपलीच व्याख्याने दूरदर्शन संचावर दाखवायचे ठरवले. सलग दोन तास चित्रीकरण, रोज एक कॅसेट. इतक्या कोऱ्या कॅसेट त्या आठवड्यात लातुरात मिळेनात. वर्ग सुरू होणार होते. अवद यांनी पेट्या उघडल्या.

कोणत्या कॅसेट पुसायच्या, हे त्यांनी स्वतः ठरवले. चन्नबसप्पांना वाटले, जुन्या झिजलेल्या देतील. त्यांनी नव्या दिल्या, त्याच उन्हाळ्यातल्या लग्नांच्या. जुन्या कॅसेटमधली कितीतरी म्हातारी माणसे एव्हाना वारली होती, ती पुन्हा मिळणार नव्हती. नव्या कॅसेटमधली सगळी जिवंत होती.

“ये लोगां तो हैं ना रे, चन्ना,” ते म्हणाले होते. “परत लग्नं होतील, परत बसतील पंगतीला. तेव्हा घेऊ.”

कारळखेडची कॅसेट पुसली गेली ती अशी; पूर्ण नव्हे. कॅसेट तीन तासांची होती आणि व्याख्यान दोन तासांचे. व्याख्यानाखाली हळद, वरात, अक्षता आणि पुरुषांची पंगत गेली. बायकांची पंगत शेवटी असल्यामुळे ती शेपटीसारखी मागे उरली.

हे पहिल्यांदा लक्षात आले ते ऑगस्टमध्ये, दुसऱ्या हॉलमध्ये. घूर्णन गतीवरचे व्याख्यान संपले, शिपाई संच बंद करायचा विसरला, पडद्यावर थोडा वेळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या आणि मग ओळीने जेवत बसलेल्या बायका दिसू लागल्या. हॉल हसला. त्या हॉलमध्ये श्रीमंतची मुलगी सिंधु बसलेली होती. गावातून विज्ञान शाखेला लातूरला आलेली ती पहिलीच मुलगी. तिची आई पूर्वी खोलीवर येऊन गेलेली होती; शेजारी बसलेल्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला ओळखले.

“सिंधे, बग, तुझी आई लाडू खाऊन राहिली.”

पुढे महिनाभर तिला वर्गात ‘लाडू’ म्हणत. सिंधुने घरी हे कुणाला सांगितले नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सिंधुला ताप आला. तिची आई तुळजाबाई एसटीने लातूरला खोलीवर येऊन राहिली. श्रीमंतही येणार होता. पण गणपतीच्या विसर्जनाचा भंडारा होता आणि वाढायला तो लागणार होता. विसर्जन झाले, गाव जेवले, आणि त्याच पहाटे भूकंप झाला. लातुरात खोलीची भिंत तडकली, एवढेच. कारळखेडात दगडमातीच्या माळवदी छतांखाली निम्म्याहून अधिक गाव गेले. तुळजाबाई आणि सिंधु कशाबशा गावापर्यंत पोचल्या तोवर मृतांचे सामुदायिक दहन झालेले होते. श्रीमंतला ओळखून चितेवर ठेवल्याचे एका पुतण्याने सांगितले. तुळजाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला नाही.

घरात त्याचा फोटोही नव्हता. त्यांच्या लग्नात फोटो काढलेले नव्हते. पुढे प्रत्येक समारंभात तो वाढत होता, आणि वाढणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही. लिंबाजींच्या मुलीच्या सासरी लग्नाची कॅसेट होती. ती तुळजाबाईंनी परगावी जाऊन पाहिली. तिच्यात पंगतच कापलेली होती.

भूकंपानंतर चाऊस व्हिडिओच्या जिन्यावर माणसांची रीघ लागली. अवद यांनी जुन्या पेट्या मोकळ्या केल्या, माडीवर सतरंजी टाकली, आणि ज्या गावची माणसे येतील त्या गावची कॅसेट लावली. एरवी ज्या पंगतींची गिऱ्हाइके टिंगल करत, त्या लोक श्वास रोखून पाहू लागले. बघणारे नावे घेत. एखाद्या चेहऱ्याला पाच-सहा आवाज एकदम उठत, एखाद्याला कुणीच नाव देत नसे, कारण ओळखणारेही उरलेले नसत. मात्र त्या उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी आलेल्यांना अवद यांनी सरळ सांगितले, की त्या कॅसेटवर आता भौतिकशास्त्र आहे. एका म्हाताऱ्याने तरीही आग्रहाने ती वसंतरावांकडून आणवून लावायला लावली आणि मुलाच्या जागी फळा पाहून तो उठून गेला. चन्नबसप्पा सांगतात, की त्यानंतर उस्ताद दुकानाच्या दाराशी बसत; आत बसून पाहणे त्यांनी सोडले.

तुळजाबाई सिंधुला घेऊन आल्या त्या दिवाळीच्या तोंडावर, पत्र्याच्या शेडमधून. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या.

“चाऊसभाऊ, लिंबाजीच्या पोरीच्या लग्नात तुमी समद्यांवरनं कॅमेरा फिरवला व्हता. सिंधुच्या बाबांचं तोंड त्याच्यात कुठंतरी असंलच की. मला येकदा दावा.”

अवद यांनी त्यांनाही तेच सांगितले. तुळजाबाईंना ते नीट कळले नसावे; त्या तिथेच उभ्या राहिल्या. तेव्हा सिंधु खाली बघत म्हणाली, “आय, सरांचं शिकवणं संपल्यावर त्याच्यात लगीन हाय. म्या बगितलंय. तू हायस त्याच्यात.”

आईने तिच्याकडे पाहिले. कधी बघितलेस, असे विचारले. सिंधुने ऑगस्टमधली हकीकत तिथे, अवद आणि चन्नबसप्पांसमोर, पहिल्यांदा सांगितली.

वसंतराव सुरुवातीला तयार नव्हते. ते निष्ठुर होते असे म्हणता येणार नाही. त्यांचेही विद्यार्थी त्या गावांतले होते आणि काही परत आलेले नव्हते. पण ती कॅसेट दुसऱ्या तुकडीला अजून दाखवायची होती. मागे-पुढे करून, थांबवून थांबवून पाहिली की फीत ताणली जाते, ही त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी, एकदाच, न थांबवता दाखवण्याचे ठरले.

त्या दुपारी रिकाम्या हॉलमध्ये पाच माणसे होती. तुळजाबाई पहिल्या बाकावर, शेजारी सिंधु, भिंतीशी अवद, दाराजवळ वसंतराव, आणि संचापाशी चन्नबसप्पा. फळ्यावर सुट्टीपूर्वीची आकृती पुसायची राहिली होती. चन्नबसप्पांनी कॅसेट वेगाने पुढे नेली. पडद्यावर वसंतराव भराभर हातवारे करत फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहिले. एरवी त्यावर कुणीही हसले असते. मग मुंग्या आल्या, आणि चन्नबसप्पांनी वेग कमी केला.

बायकांची पंगत सुरू झाली. आवाज होता तो लाउडस्पीकरवरच्या गाण्याचा. बाकी काही ऐकू येत नव्हते. तुळजाबाई हळू आवाजात बोलू लागल्या. कुणाला सांगण्यासाठी नव्हे, असे चन्नबसप्पांना वाटले.

“ही लिंबाजीची चुलती. गेली. ही तिची सून, गेली. ही पोरगी हाय, उमरग्याला दवाखान्यात हाय. ही गेली. ही… ही मीच की.”

आणि त्या जराशा हसल्या. “येवढं खात व्हते व्हय मी.”

पडद्यावरच्या तुळजाबाईंसमोर एक बादली आली, पळी आली, पळी धरलेला उजवा हात आला. कोपरापर्यंत सदऱ्याची दुमडलेली बाही, खाली धोतराचा काठ. पडद्यावरच्या तुळजाबाईंनी दोन्ही पंजे पत्रावळीवर आडवे धरले, मान वर केली आणि काहीतरी बोलल्या. पळी मागे गेली नाही. ती बोटांच्या फटीतून डाळ सोडण्याची हूल देत दोनदा खाली आली. त्यांनी हात आणखी घट्ट धरले. त्या वर बघून हसत होत्या. ज्याच्याकडे बघत होत्या, तो कमरेच्या वर चौकटीबाहेर होता.

“वर करा की जरा,” तुळजाबाई चन्नबसप्पांना म्हणाल्या. “त्येला वर करा की. वर.”

चन्नबसप्पांचा हात यंत्रावर होता. कॅमेरा रीतीप्रमाणे कुणापाशी जास्त न थांबता शेजारच्या बाईकडे सरकला, मग तिच्या शेजारच्या. तुळजाबाई पडद्याकडे बघत “थांब की, थांब की” म्हणत राहिल्या. ओळ संपली. शेवटची बाई हात धुवायला उठली, खळ्याचा कठडा तिरपा दिसला, आणि चित्र बंद झाले. अवद परातीला जाऊन बसले ते तिथे.

वसंतरावांनी उठून कॅसेट मागे घेतली आणि न विचारता ती ओळ पुन्हा लावली. फितीविषयी ते काही बोलले नाहीत. ती किती वेळा लावली याबद्दल चन्नबसप्पा आणि सिंधु यांच्या सांगण्यात फरक आहे. हात आला, हूल दिली, निघून गेला, इतकेच प्रत्येक वेळी झाले.

नंतर तुळजाबाईंनी अवद यांच्याकडे वळून विचारले, की समद्यांची तोंडे घेतली, मग वाढणाऱ्यांची का घेतली नाहीत. अवद यांनी खरे कारण सांगितले. बसलेल्यांच्या डोळ्यांएवढी उंची हा त्यांचा नियम होता, आणि वाढप्यांची पंगत बसली तेव्हा श्रीमंतने बोलावले म्हणून ते स्वतःच तिच्यात जेवायला बसले होते.



“म्हंजे तुमी तेन्च्यासंगं येका परातीत जेवलाव.”

“हौ, भाभी.”

“मग तुमी तरी सांगा. कसे दिसत व्हते?”

चन्नबसप्पांना हे उत्तर शब्दशः आठवते असे ते म्हणतात; इतक्या वर्षांनी शब्दशः कितपत, ही शंका राहते. सिंधुने स्वतंत्रपणे सांगितलेले उत्तर त्याच्याशी बरेचसे जुळते, म्हणून ते देतो.

“माझ्या समोरच बसले होते,” अवद म्हणाले. “डोक्याचं उपरणं काढून गुडघ्यावर ठेवलं होतं. घाम आला होता, पण चेहरा खूश होता. लाडू एकच उरला होता परातीत. तो त्यांनी फोडला, अर्धा माझ्याकडे सरकवला, आणि हसले. म्हणाले, डायरेक्टर, शूटिंगवाल्याला कोण वाढतं? मी म्हणालो, कुणी नाही. तर म्हणाले, मग आपलं जमलं.”

तुळजाबाईंनी सगळे ऐकून घेतले, पदराने तोंड पुसले, मुलीला उठवले आणि त्या निघाल्या. जाताना त्यांनी एक मागितले: त्या हाताचा फोटो. चन्नबसप्पांनी दुसऱ्या दिवशी साधा कॅमेरा तिकाटण्यावर लावून पडद्याचाच फोटो काढून दिला.

त्या दुपारी माडीकडे परत येताना चन्नबसप्पांनी उस्तादांना लाडवाबद्दल विचारले. तेही त्याच परातीला बसले होते आणि त्यांना लाडू आठवत नव्हता. अवद गंजगोलाईच्या कोपऱ्यापर्यंत तसेच चालत आले.

“चेहरा याद नहीं रे, चन्ना,” मग म्हणाले. “लई कोशिश केली. हात याद है. आवाज याद है. चेहराच नाही. कॅमेरा खाली ठेवला की मी माणसांकडे बघतच नव्हतो बहुतेक.”

पेट्यांमधल्या पंगतींचा चित्रपट त्यांनी केला नाही. उरलेल्या मूळ कॅसेट ज्या त्या गावच्या माणसांना देऊन टाकल्या. चित्रीकरण चालू ठेवले. मात्र रीत बदलली. पंगत बसण्याआधी ते वाढप्यांना ओळीने उभे करत आणि स्वतः उभे राहून आधी त्यांचे चेहरे घेत. वाढपी लाजत, बादल्या तोंडाआड धरत; ते बादल्या खाली ठेवायला लावत. आज या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या कॅसेट पाहिल्या, तर १९९४ नंतर पंगतीआधी वाढप्यांची ओळ दिसू लागते, अवद यांनी न केलेल्या लग्नांतसुद्धा. त्यांचा प्रभाव म्हणून दाखवता येईल असा हा पुरावा आहे. पुढे बुफे आले, माणसे उभ्याने जेवू लागली, आणि दोन्ही रीती कालबाह्य झाल्या. अवद नांदेडला परतले आणि २००९ साली वारले. त्यांच्या वापरातल्या वस्तूंत एकही कॅसेट सापडली नाही. त्यांचा स्वतःचाही फोटो मला एकच मिळाला, आणि त्यात त्यांचा चेहरा कॅमेऱ्याने झाकलेला आहे.

कारळखेडची कॅसेट वसंतरावांनी दुसऱ्या तुकडीला पुन्हा दाखवली नाही. ते व्याख्यान त्यांनी नव्याने दिले. मूळ कॅसेट पुढे सिंधुला मिळाली. त्या आज लातुरात शिक्षिका आहेत. कॅसेटला बुरशी लागली असली तरी ती चालते: दोन तास भौतिकशास्त्र, मग मुंग्या, मग बायका. सिंधुताईंनी मला ती दाखवली आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली. तो हात त्यांच्या वडिलांचा आहेच, असे त्या छातीठोकपणे म्हणू शकत नाहीत. वडील डावखुरे होते. विळा, चाबूक, वस्तरा सगळे डाव्या हातात. पण डाव्या हाताने वाढत नाहीत, म्हणून वाढताना तेही पळी उजव्या हातातच धरत. त्यामुळे उजव्या हातावरून काहीच सिद्ध होत नाही. अशी हूल वाढणाऱ्या चुलत्यांपैकीही कुणी दिली असती. आईला हे त्यांनी कधी सांगितलेले नाही.

पुनर्वसित कारळखेडमध्ये तुळजाबाईंच्या घरी दर्शनी भिंतीवर ती तसबीर आहे. काचेमागे आडव्या रेघांचे, निळसर पडलेले चित्र: बादली, पळी आणि एक हात. सणावाराला तिला हार घालतात. नातवंडे तिला ‘आजोबा’ म्हणतात.

अवद यांनी सांगितलेली परातीची हकीकत खरी होती असे वाटते का, हे मी तुळजाबाईंना विचारले. विचारावे की नाही याची खात्री नव्हती, कारण चन्नबसप्पांकडून ऐकलेले मला ठाऊक होते आणि त्यांना ते कळावे अशी माझी इच्छा नव्हती.

तुळजाबाईंनी चुलीवरचा चहा उतरवला.

“सिंधुचे बाबा लाडू कदी खात नव्हते,” त्या म्हणाल्या. “दात किडले व्हते समदे. आन् उपरणं बांधायची तर सवयच नव्हती.” त्यांनी कपात चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. “त्या मानसाला कायबी आठवत नव्हतं, हे मला तवाच कळलं. तोंड मला ठाऊक हाय की. चाळीस वर्सं झाली तरी ठाऊक राहील. दुसऱ्या कुनी बगितलं व्हतं का, येवढंच इचारायचं व्हतं.”

मी कप हातात धरून बसलो. त्यांनी भिंतीकडे पाहिले नाही. चहा निवतोय, एवढे म्हणाल्या.